ओल्या हवेतला कूलर

गाडीचं मागचं दार उघडत नव्हतं. पत्रा एवढा तापला होता की पदराचं टोक हाताला गुंडाळून ओढावं लागलं, तरी ते जागचं हललं नाही. मे महिन्यातलं अकोला, सकाळचे साडेनऊ. दुकानामागच्या मोकळ्या प्लॉटवर ती जुनी मिनीबस तीन वर्षं एकाच जागी उभी राहून जमिनीत रुतल्यासारखी दिसत होती. टायरांभोवती वाळलेलं गाजरगवत, काचांवर धुळीचा थर.

वरुडचा एक संत्र्याचा व्यापारी दुपारी ती न्यायला येणार होता. त्याला हायवेवर रस विकायला अशीच गाडी हवी होती. दादानं आठ दिवसांपूर्वी फोन केला होता. "रविवारी ये व बाई. गाडी खाली कराची आहे. वैनीचा गुडघा लय दुखून राहिला." म्हणून मी अमरावतीहून सहाची बस धरून आले. येऊन बघते तर दादानं आतली एकही वस्तू हलवलेली नव्हती.

"दादा, आठ दिवस काय केलं तू?"

"तुही वाट पाहून राहिलो होतो," दुकानाच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेला दादा म्हणाला आणि त्यानं पेपरचं पान उलटलं.

शेवटी मी दाराला खांदा लावला. ते उघडलं आणि आतली कोंडलेली गरम हवा तोंडावर आली. त्या हवेत वाळ्याचा वास होता. तीन वर्षं त्या गाडीत पाण्याचा थेंब पडला नव्हता. तरी कुठल्या फटीत वाळ्याच्या चार काड्या अडकून राहिल्या असतील, त्या तापून वास सोडत होत्या. मी तिथेच पायरीवर बसले.

माझा भाऊ कूलर बनवायचा. हे एवढं सांगितलं की आमच्या घराची अर्धी गोष्ट सांगून होते.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. दादा बारावीत नापास झाला, त्या उन्हाळ्यात घरात त्याच्याशी फारसं कोणी बोलत नव्हतं. तो अंगणात बसून कुठून कुठून आणलेले पत्र्याचे डबे कापत राही. एका तेलमिलच्या भंगारातून त्यानं पंखा आणला. आईची जुनी लोखंडी कॉट मोडून तिच्या पट्ट्यांचं स्टँड केलं. मे महिन्याच्या एका दुपारी त्यानं ते धूड मधल्या खोलीच्या खिडकीत बसवलं आणि बटण दाबलं. रिकामी बैलगाडी खडकावरून जावी तसा आवाज झाला. मग ती हवा आली. ओली, थंड, वाळ्याच्या वासाची.

बाबा तिथे बसून उत्तरपत्रिका तपासत होते. सगळे पेपर खोलीभर उडाले. त्यांनी ते एक एक गोळा केले, एका गठ्ठ्यावर अडकित्ता ठेवला, दुसऱ्यावर कंपासपेटी, तिसरा गुडघ्याखाली दाबला. पंख्यातून उडणाऱ्या पाण्यानं लाल शाई फुटत होती, तरी ते जागचे उठले नाहीत. चांगलं झालं असं काही ते म्हणाले नाहीत. पण त्या दिवसापासून पेपर तपासायला ते त्याच खिडकीपुढे बसू लागले.

नंतरचे आमचे उन्हाळे सगळे पत्रा ठोकण्याच्या आवाजात गेले. होळी झाली की वाळ्याचे भारे येत. आई आणि मी जाळीत वाळा पसरून ताट्या बांधायचो. बारीक तारेनं शिवण घालताना बोटं टोचून निघायची. आठवडाभर हाताला तो वास राहायचा. वर्गातल्या मुली म्हणायच्या, तुझ्या अंगाला सरबताचा वास येतो. बाहेर रस्ता पांढरा पडलेला असायचा, एक माणूस दिसायचा नाही, कावळेसुद्धा नळाखाली चोच उघडून बसलेले. आत अंधार, पुसलेली गार फरशी, माठातल्या पाण्याला मातीची चव, आणि कूलरची एकसुरी घरघर. त्या घरघरीत आमची दुपार बुडून जायची. आई फरशीवरच आडवी व्हायची, हाताची उशी करून. तिला उशी कधी लागली नाही.

दादा त्या कामात एवढा तयार झाला की लोक त्याला घर दाखवायला न्यायचे. तो खोलीच्या मधोमध उभा राही, ओला तळवा हवेत धरी आणि सांगे, "कूलर या खिडकीत बसवा, अन् समोरची थोडीशी उघडी ठेवा. हवेले जाले जागा पायजे." वकिलांच्या गल्लीत, डॉक्टरांच्या बंगल्यात त्याच्या शब्दाला मान होता. त्याच्याकडे कुठला कागद नव्हता, तळवा होता.

मी शिकले, अमरावतीत मास्तरीण झाले, तिथल्याच वकिलाच्या घरात दिली गेले. बाबा गेले. दादाचं दुकान चालत राहिलं, मग हळूहळू कमी चालायला लागलं. आणि तीन वर्षांपूर्वी, ऐन एप्रिलात, कूलरच्या सीझनमध्ये, दादानं एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली.

फोनवर त्यानं कुठले तरी व्हिडिओ पाहिले होते. लोक गाडीतच राहतात, गाडीतच शिजवतात, समुद्राच्या काठाकाठानं फिरतात. महिनाभर तो त्या गाडीत घुसून राहिला. सीटा काढल्या, दोन बाक टाकले, शेगडीला कोनाडा केला, टपावर पाण्याची टाकी बसवली. वैनीनं जुन्या साड्यांचे पडदे शिवले आणि गाडीला घरगाडी असं नाव दिलं. मागच्या खिडकीत दादानं एक लहान कूलर बसवला, त्याच्या हातचा, नव्या पत्र्याचा. त्याचं अर्धं धड गाडीच्या बाहेर आलेलं होतं.

"आईनं समुद्र नाही पायला," तो फोनवर म्हणाला. "तुलेबी सुट्ट्या आहेत. चाल."

मला जायचं नव्हतं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, मे महिना होता आणि दादाच्या कुठल्याही बेतात शेवटी काहीतरी अडकतंच हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण आईनं फोन घेतला आणि म्हणाली, "ये माय. त्यानं लय जीव लावून केली गाडी." म्हणून गेले.

पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा आई बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "याले पलीकडची बाजू नाई काय?"

"आहे आई, पण लांब आहे."

"मंग ठीक," ती म्हणाली.

तो दिवस चांगला गेला. मला सांगायचं आहे ते चौथ्या दिवसाचं.

आम्ही वऱ्हाडातली माणसं. उन्हाचं आम्हाला कोणी सांगू नये असा आमचा समज. आमच्याकडे कपडे दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत वाळतात. घाम यायच्या आधीच सुकतो. तिथे किनाऱ्यावर पारा आमच्यापेक्षा कितीतरी खाली होता आणि आमचा जीव निघत होता. सकाळी आठ वाजता सुरूच्या बनातून निघालो, तेव्हाच अंगावरचं पोलकं पाठीला चिकटलेलं होतं. आदल्या दिवशी धुतलेले टॉवेल तसेच ओले. मिठाचा गोळा झाला होता. काडीपेटी पेटत नव्हती. आईनं अकोल्याहून आणलेले ज्वारीचे पापड कापडासारखे वाकत होते. वैनीच्या मानेवर घामोळं उठलं होतं. ती स्टीलच्या ताटानं वारा घेत म्हणाली, "हे ऊन नाही बाई. हे भाताच्या पातेल्यावरचं झाकण आहे."

आणि दादानं कूलर चालू ठेवला होता.

आधीच ओल्या हवेत तो आणखी पाणी सोडत होता. काचांवर आतून थेंब जमले होते. गादी ओलसर, पडदे ओलसर. श्वास घ्यावा तर गरम वाफ नाकात जायची. वाळ्याचा तोच वास होता, आणि त्या वासानं पहिल्यांदा माझं डोकं दुखायला लागलं.

रस्त्यात एका घरी टाकीसाठी पाणी मागायला थांबलो. अंगणातली बाई विहिरीवर पाणी काढत होती. तिनं गाडीकडे पाहिलं. "अहो, कूलर लावलाय होय? आमच्याकडे नाही हो चालत तो. हवेतच पाणी आहे. उलट जास्त उकडेल तुम्हाला."

"हो काय," दादा म्हणाला आणि त्यानं दोन कॅन भरून घेतले.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "ऐकलं ना?"

"ऐकलं."

"मग बंद कर ना."

"पाहू."

दादाचं हे पाहू मला लहानपणापासून छळत आलं आहे. तो नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. पाहू म्हणतो आणि त्याला करायचं तेच करतो. मी मागे वळून आईकडे पाहिलं. ती मागच्या बाकावर आडवी झाली होती, तोंड कूलरकडे, डोळे मिटलेले. पदर वाऱ्यानं हलत होता.

"आई, गुदमरत नाही तुला? बंद करायला सांगू?"

"असू दे," ती डोळे न उघडता म्हणाली. "चालू असू दे."

झालं. दादा बारावीत नापास झाला तेव्हाही ती असू दे म्हणाली होती. कॉट मोडली तेव्हाही. मी पहिल्या नंबरानं पास व्हायचे तेव्हा मला छान म्हणायची, पण असू देमध्ये जी माया होती ती छानमध्ये नव्हती. बावन्नाव्या वर्षी, त्या गाडीत, घामानं निथळत मला हे सगळं आठवत होतं. आता सांगायला लाज वाटते.

रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा, एकच गाडी मावेल एवढा. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, बुटक्या दगडी भिंती. समोरून एसटी आली. अर्धा किलोमीटर गाडी मागे घ्यावी लागली. मी खाली उतरून "ये, ये, थांब" करत चालत होते, आणि थांब म्हणेपर्यंत कूलरचं बाहेर आलेलं धड गडग्याला आपटलं. वरचे दोन चिरे खाली पडले. दादा उतरला, चिरे उचलून परत बसवले, कूलरच्या पत्र्याला पोचा पडला होता त्याच्यावरून हात फिरवला. एसटीतली माणसं खिडकीतून पाहत होती. तेव्हाही कूलर चालूच होता.

बाराच्या सुमाराला खाडीच्या जेटीवर पोचलो. पलीकडे जायला फेरीबोट होती. ओहोटी लागलेली. बोटीवरच्या माणसानं आमची गाडी खालून-वरून पाहिली आणि मान हलवली. "आता नाही चढणार. उतार फार आहे, मागची पायरी घासेल. भरती येऊ दे. चार वाजतील."

"चार?" मी म्हटलं.

"चार."

लहान गाड्या आणि मोटरसायकली आमच्या बाजूनं बोटीवर जात होत्या. टपरीशेजारी बदामाचं एक झाड होतं, त्याच्या सावलीत आधीच दोन जीपा. आम्ही तापलेल्या लाल चिऱ्याच्या उघड्या पटांगणात उभे. समुद्र पत्र्यासारखा चमकत होता. त्याच्याकडे पाहवत नव्हतं. ज्याच्यासाठी एवढं दूर आलो त्याच्याकडे पाठ करून आम्ही बसलो होतो.

एक तास गेला. वैनीचं ताट थांबलं. तिनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "घरी काय वाईट होतं?" दादा खाली-वर करत होता. ताट्या बाहेर काढून झटकल्या, पुन्हा लावल्या. पंपाची नळी पाहिली. तेवढ्यात पर्यटकांचा एक घोळका गाडी पाहायला जवळ आला. त्यातल्या एका तरुणानं कूलरकडे बोट दाखवलं आणि हसत मित्राला म्हणाला, "कूलर? कोकणात?"

दादा त्याच्याकडे पाहून हसला. साधं, ओशाळं हसू. मला ते सहन झालं नाही.

रागावले की मी वऱ्हाडी बोलत नाही. शाळेतली मराठी बोलते, वर्गासमोर उभी असल्यासारखी. त्या घोळक्यासमोर, वैनीसमोर, आईसमोर मी म्हणाले, "दादा, जन्मभर एकच गोष्ट शिकलास तू, आणि तीसुद्धा इथे चालत नाही. पण तुला कबूल करायचं नाही. दुसऱ्याचा जीव गेला तरी चालेल."

घोळका पांगला. आईनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

दादानं बटण बंद केलं. सीटखालून पाना काढला आणि कूलरचे नट खोलायला लागला. चार नट होते. तीन सुटले. चौथा चार दिवसांच्या खाऱ्या हवेत गंजून बसला होता, त्याच्याशी तो कितीतरी वेळ झटला. घाम त्याच्या कोपरावरून टपकत होता. मी मदतीला उठले नाही. शेवटी तो सुटला. दादानं कूलर छातीशी धरून उचलला आणि बदामाच्या झाडाखाली नेऊन ठेवला.

"हे काय, ठेवून जाताय?" टपरीवाल्या बाईनं विचारलं.

"राहू द्या," दादा म्हणाला. "कोंबड्या ठेवाले कामी येईन."

खिडकीच्या मोकळ्या चौकोनातून खाडीवरचं वारं आत आलं. चिखलाचा, मासळीचा वास, पण वारं. दहा मिनिटांत काचा सुकल्या. वैनी म्हणाली, "आता बरं वाटते." मी बरोबर होते. दिवसभरात पहिल्यांदा सगळ्यांना नीट श्वास घेता येत होता.

चार वाजता बोट लागली. गाडी चढली, पायरी घासली नाही. पलीकडे जाईपर्यंत दादा आणि आई कठड्याला धरून शेजारी उभे होते. मी गाडीतच बसून राहिले.

पुढचे तीन दिवस आई झोपली नाही. डोळे लाल झालेले, बसल्या जागी मान कलायची आणि दचकून वर यायची. मी उष्णता म्हणून मीठ-साखरेचं पाणी देत होते, वैनी तळपायाला तेल चोळत होती. "नाई लागत झोप, असू दे," आई म्हणायची. परत येताना खामगावच्या अलीकडे खिडकीतून कोरडी झळ आली, आपल्याकडची, चटका देणारी. वैनी म्हणाली, "आता कसं घरी आल्यासारखं झालं." दादा समोर पाहून गाडी चालवत राहिला.

त्या दिवाळीत दादानं कूलरचं दुकान बंद केलं. पाटी उतरवली, पत्रा कापायचं मशीन विकलं. आता तो तिथे बसून जळक्या मोटरींत नवी तार भरून देतो. मी कितीदा विचारलं. भाऊबीजेला विचारलं, फोनवर विचारलं. दादा, मी त्या दिवशी बोलले म्हणून बंद केलं का? त्याचं एकच. "जाऊ दे ना." या जाऊ देनं मला तीन वर्षं आतून पोखरलं. माणूस भांडत नाही, ओरडत नाही, माफही करत नाही, त्याच्याशी करायचं काय? मग गेल्या पौषात आई गेली. झोपेतच गेली. वैनीला विचारलं तर ती दादाकडे बोट दाखवायची. त्या घरात विचारायला दुसरं कोणी उरलं नाही.

मी गाडी रिकामी करायला लागले. शेगडी, डबे, चादरी, वैनीचे पडदे. पडद्यांचे रंग उडाले होते. त्यातली मोरपंखी साडी आईची होती हे मी तेव्हा पाहिलंही नव्हतं. दोन तास मी एकटी वस्तू बाहेर आणत होते आणि दादा पेपर वाचत होता. शेवटी चादरींचा गठ्ठा त्याच्या पायाशी टाकला आणि शेजारच्या उलट्या बादलीवर बसले.

"दादा, आज सांगायचं. जाऊ दे नाही म्हणायचं."

"काय सांगू?"

"विहिरीवरच्या बाईनं सांगितलं, मी सांगितलं. तरी कूलर का बंद केला नाहीस?"

त्यानं पेपर घडी केला, मांडीवर ठेवला. "ओल्या हवेत कूलर चालत नाही, हे मले माईत नाही काय?" तो म्हणाला. "पस्तीस वर्षं थेच केलं ना मी."

"मग?"

"आईले त्याच्या आवाजाशिवाय झोप येत नव्हती."

मी बादली त्याच्या खुर्चीजवळ ओढली.

"बाबा गेले तवापासून," तो म्हणाला. "घर लय शांत झालं म्हणे. मंग मी तिच्या खोलीत कूलर लावून देत होतो. हिवाळ्यातबी. पाणी नाही टाकाचं, नुसता पंखा. थो आवाज असला की झोपे. गाडीत येतो म्हटलं तं पहिले हेच विचारलं तिनं, तठी कूलर आहे काय म्हणून."

"पण गाडीतही नुसता पंखा लावायचा होता. पाणी कशाला?"

"लावून पायला पहिल्या दिवशी. गाडी हलते, नुसता पत्रा वाजे. पाणी भरलं की वजनानं पत्रा बसे, मंग घरच्यासारखा आवाज ये."

"मला का नाही सांगितलं तुम्ही?"

"आईनं नाही म्हटलं. म्हणे तिले सांगू नको, थे डॉक्टरकडं नेईन."

खरं होतं. मी नेलं असतं.

"आणि जेटीवर? मी एवढं बोलले तेव्हा तरी सांगायचंस."

"आई तठीच होती ना," दादा म्हणाला. "आपल्यापायी सगळ्याइचा जीव चालला असं समजलं असतं तिले. तुले काय, तू मले बोलून राहिली होती. मले सवय आहे."

पुढचे तीन दिवस आईची मान कलत होती आणि दचकून वर येत होती. मी तिला मीठ-साखरेचं पाणी पाजत होते. पेला हातात घेऊन ती निमूट प्यायची. माझ्या हातून पीत होती, आणि असू दे म्हणत होती.

"म्हणून दुकान बंद केलंस?" मी विचारलं.

दादानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या मंद पोरांकडे पाहते. "दुकान काय तुह्यामुळं बंद केलं काय? लोकाइनं एसी घेतले. गल्लीत एक कूलर राहिला नाही. तू सोताले लय मोठी समजतं व."

तीन वर्षं मी ज्याचं ओझं वाहत होते ते माझं नव्हतंच. जे माझं होतं त्याची मला खबर नव्हती. मला त्याचा इतका राग आला की बादली उचलून फेकावीशी वाटली. त्याचा, आईचा, माझा. कोणाचा ते मला अजून कळत नाही.

"पण आई गेल्यावर तरी सांगायचं होतंस. पाच महिने झाले."

"सांगून काय झालं असतं? तुले आता बरं वाटून राहिलं काय?"

नव्हतं वाटत.

तेवढ्यात वरुडचा माणूस आला. सोबत त्याची बायको होती, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. दोघांनी गाडी आतून पाहिली. बायकोनं कोनाडे मोजले, टाकीचा नळ फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "इथं मिक्सर राहीन." मागच्या खिडकीच्या मोकळ्या चौकोनापाशी ती थांबली. दादानं तिथे नुसती प्लायची फळी ठोकली होती. "इथून गिऱ्हाइकाले ग्लास देता येईन," ती म्हणाली. "ही काढून टाकू."

"काढा," दादा म्हणाला. "चार खिळे आहेत."

शेजारच्या गॅरेजमधून बॅटरी आणली, टायरात हवा भरली. चौथ्या खेपेला इंजिन लागलं आणि काळा धूर सोडत गाडी प्लॉटमधून निघाली. कोपऱ्यावर तिनं हॉर्न दिला. ती उभी होती तिथे पिवळ्या पडलेल्या गवताचा लांबट तुकडा उरला. पत्रा तापावा तसं आभाळ तापलं होतं. आम्ही दोघं उन्हात उभे होतो.

"माझं चुकलं दादा," मी म्हणाले.

तो रस्त्याकडे पाहत होता. "मले कायले सांगतं? जिले सांगाचं होतं थे गेली." मग म्हणाला, "चाल आत. ऊन लागन."

वैनीनं पानं घेतली होती. कांदा, कैरीची चटणी, वरण, पोळ्या. गुडघ्यामुळे ती खुर्चीवर बसून वाढत होती. माझ्या तोंडाकडे तिनं पाहिलं, मग दादाच्या. "आता काहून भांडले दोघं?"

"भांडलो नाही," मी म्हणाले.

"मंग ही रडून काहून राहिली?"

"समुद्रावरून," दादा म्हणाला आणि त्यानं वाटी वरणासाठी पुढे केली.

"अजून?" वैनी म्हणाली. तिनं त्याच्या वाटीत वरण वाढलं. मग मला न विचारता माझ्या पानात दुसरी पोळी टाकली. मी नको म्हणाले. कोणी ऐकलं नाही.